वीस किलोमागे एक किलो

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझं पत्र पाहून तुला वाटेल, हिला काहीतरी हवं असणार. बरोबर आहे. तुझ्या काटेदुरुस्तीच्या दुकानातून मला एक वजनकाटा पाठव. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं वहिनी आपल्या मनाने सांगते.

झालंय असं की मार्चमध्ये अग्निशमन केंद्रात उमेदवारीवर लागले तेव्हा माझं वजन त्रेपन्न किलो होतं. तीस ऑगस्टला कायम होण्याची तपासणी आहे आणि पन्नासच्या खालच्या माणसाला इथे नळीवर घेत नाहीत. यात कुणाचा हेकटपणा नाही. पाणी पूर्ण जोराने सुटलं की नळी हलक्या माणसाला उचलून आपटते, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझी खोली केंद्रापासून सोळा किलोमीटर. पहिली बस येते तोवर आमची हजेरी होऊन गेलेली असते, म्हणून सायकल. जाऊन येऊन रोज बत्तीस किलोमीटर, आणि वजन आपलं गळतंय. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातलं यंत्र ५०.४ दाखवतं, बाजारातलं ४९.९. मी दिवसातून तीनदा वजन करते. जेवायला बसलं की तेच आकडे डोळ्यांपुढे नाचतात आणि घास घशाखाली उतरत नाही. वैताग आलाय नुसता.

सायकल सोड म्हणू नकोस. दिवसभर कुणी ना कुणी मला हुकूम सोडत असतं, ते दोन तास तेवढे माझे असतात. शिवाय वाटेत एक दुधाची गाडी भेटते. पुलापर्यंत तिला मागे टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. तुझा लोभ आहेच, निदान तो तरी घटू देऊ नकोस.

तुझी,
काडी


१२ जून

चि. काडीस,
अ. आ.

आईला सांगू नकोस असं लिहिलेलं पत्र आईनेच फोडलं, त्यामुळे माझा इलाज नव्हता. तिने सायकल सोडायला सांगितलंय, आणि जमलं तर नोकरीही. वहिनीचं म्हणणं, तिच्या अंगावरचे दहा किलो ती आनंदाने देईल, येऊन घेऊन जा. मला मात्र अजून एकच कळत नाही, आगीच्या खात्यात काडीला घेतलीच कशी?

काटा माझ्या ट्रकवाल्या मित्राबरोबर पाठवतोय. दुरुस्तीला आलेला होता, मालक परत फिरकलाच नाही. तीन संध्याकाळी बसून मी तो नीट लावलाय. आता बाकीच्या यंत्रांवर पाय ठेवू नकोस, ती वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी, रिकाम्या पोटी, बस्स. आणि आकड्यांचा विचार सोडून जेवत जा.

शेजारच्या सायकल मिस्त्रीला तुझी हकिगत सांगितली. तो म्हणाला, उपाशी पोटी पायडल मारणारी पोरं स्वतःलाच खातात. तेव्हा खाऊन निघ.

तुझ्या पत्राची वाट बघतो. आमची आठवण धरून असावं.

तुझा,
दादा


२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काटा पोचला. उभी राहिले तर ५२.१! दुसऱ्यांदा उभी राहिले, तेवढेच. दादाने लावलेला काटा म्हणजे प्रश्न मिटला. महिनाभर त्या दोन यंत्रांनी मला उगाच रडवलं.

त्या रात्री कित्येक दिवसांनी चवीने जेवले आणि गाढ झोपले. तुझं पत्र आल्यापासून काटा येईपर्यंत, घास उतरत नसताना काय काय कोंबत होते सांगू? पहाटे दोन केळी आणि लोणी लावलेला पाव, पोचल्यावर तीन अंडी, दुपारी सगळ्यांच्या दुप्पट भात, परत निघताना मूठभर शेंगदाणे, घरी आल्यावर पेलाभर दूध. बंबाचा ड्रायव्हर मला विचारायचा, पोटात कुणी भाडेकरू ठेवलाय का. आता तिसरं अंडं आणि दूध बंद केलंय. पोट दगडासारखं व्हायचं, सुटले एकदाची. सायकलही नदीकाठच्या लांबच्या रस्त्याने नेते, तीन किलोमीटर जास्त पडतात, पण गाड्या कमी. आज वजन ५२.

एकच विचित्र वाटतं. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. चामडं ताणलं असेल.

वहिनीला सांग, दहा किलो राहू देत तिच्याकडेच. सर्वांना माझी आठवण, आणि तुला जरा जास्तच.

तुझी,
काडी


११ जुलै

चि. काडीस,
अ. आ.

पत्र वाचून बरं वाटलं, आणि तितकंसं बरं वाटलंही नाही. तिसरं अंडं का सोडलंस? दूध का सोडलंस? आणि लांबचा रस्ता कशाला धरलास? काटा काय दाखवतो हे महत्त्वाचं नाही, अंगाला लागणं महत्त्वाचं. चामडं काही महिन्याभरात ताणत नाही.

दुकानात काम साचलंय, म्हणून थोडक्यात आटोपतो. खात जा. माझं एवढं ऐकावं.

तुझा,
दादा


६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

नमस्कार सवयीने लिहिलाय.

काल काटा ५०.८ वर आला. पँट कमरेवर राहीना, गालाची हाडं वर आली आणि काटा म्हणतो सगळं ठीक! मी काटा सायकलला बांधून केंद्रात नेला. आमच्याकडे वीस लिटरचे डबे असतात. बंबावर काम करणाऱ्याला पाण्याचं वजन विचारावं लागत नाही, लिटरला किलो. रिकामा डबा एक किलोचा. भरलेला एकवीस व्हायला हवा, तो बावीसच्या जरा वर गेला. दोन डबे ठेवले, बेचाळीसच्या जागी चव्वेचाळीस आणि वर थोडं. दर वीस किलोमागे एक किलो जास्त. आणि वर काही नसताना काटा अगदी शून्यावर उभा!

म्हणजे मी ४८.४ आहे. चोवीस दिवस उरलेत.

चूक असती तर मी हसले असते. पण तुझी असली चूक होत नाही. भाजीवाल्याने शंभर ग्रॅमसाठी स्प्रिंग ढिली करून मागितली, तेव्हा तू त्याला काट्यासकट दुकानाबाहेर काढलं होतंस. मी तेव्हा तिसरीत होते, आठ दिवस वर्गात तीच गोष्ट सांगत होते. त्याच हातांनी तू मला फसवलंस? तुझ्या भरवशावर मी खाणं कमी केलं, रस्ता लांबवला. मागच्या सोमवारी सरावाला नळीच्या तोंडाशी उभी राहिले, कारण केंद्रप्रमुखांनी वजन विचारलं आणि मी छाती फुगवून एक्कावन्न म्हणाले. नळीने मला दोन हात मागे फेकलं. कोपर अजून दुखतंय.

मी इतकी चिडलेय की पुढचं लिहिवत नाही.

काडी


११ ऑगस्ट

चि. काडीस,
अ. आ.

मुद्दाम केलं. तीन संध्याकाळी बसून केलं. शून्य चोख ठेवलं, कारण तू शून्य तपासणार हे मला माहीत होतं.

तुझ्या जूनच्या पत्रात घास उतरत नाही असं होतं. आईने ते वाचलं आणि तीही जेवेना. मला वाटलं, ही पोरगी सायकलने नाही, काळजीने वाळतेय. दोन-अडीच किलोंचा दिलासा दिला तर जेवेल, अंग धरेल, मग तो आकडा खरा होईल आणि कुणाला कळायचंही नाही. तू जेवणच कमी करशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा सगळं कबूल करणारं उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं आणि दुसरं पाठवलं. कोपराचं वाचल्यापासून मला माझीच लाज वाटते. दुकानात गिऱ्हाईक काटा घेऊन आलं की मी त्याच्याकडे बघत नाही.

मिस्त्रीला परत विचारलं. तुझ्या दुधाच्या गाडीचं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, शर्यत लावायची आणि वजन राखायचं, दोन्ही एकदम व्हायचं नाही. जवळचा रस्ता धर. बोलता येईल इतक्याच वेगाने जा. अर्ध्या वाटेत उतर आणि भूक लागायच्या आधी खा. पोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत परत खा.

म्हणशील तर येतो आणि काटा नीट करून देतो. नको म्हणालीस तर येणार नाही. लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

दादा


३१ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल तपासणी झाली. ४९.६. चारशे ग्रॅमने गेले. तीन केळ्यांनी, दादा!

मिस्त्रीचं सगळं ऐकलं. पुलाच्या अलीकडे उतरून कठड्यावर बसून उकडलेले बटाटे खाल्ले. दुधाची गाडी रोज माझ्या पुढून गेली. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरने गाडी थांबवून विचारलं, आजारी आहेस का. चोवीस दिवसांत एक किलो दोनशे ग्रॅम चढवले, एकेक ग्रॅम जबड्याने ओढून. अजून आठ दिवस मिळाले असते तर झालंच असतं. ते आठ दिवस तू खाल्लेस.

दारातच बंबाच्या ड्रायव्हरने माझ्या हातात पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या होत्या. म्हणाला, पिऊन जा, दोन लिटर म्हणजे दोन किलो, पोटात कोण बघतंय. त्याचा जीव आहे माझ्यावर, वाईट हेतू नव्हता. एक बाटली मी तोंडालाही लावली. मग तुझी आठवण आली आणि इतका संताप झाला की दोन्ही तिथल्याच कुंडीत ओतल्या. ते पाणी तासाभरात उतरलं असतं, नळी मात्र हातात राहिली असती. वजन कळल्यावर मी कोठीत जाऊन भरपूर रडले, हेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील मोठी शूर.

केंद्रप्रमुखांनी काढून टाकलं नाही. सोळा ऑक्टोबरला पुन्हा तपासणी, तोवर नळ्या धुवायच्या आणि वाळत घालायच्या. तेव्हाही कमी भरले तर घरी.

काटा मी दुरुस्त करून घेतलेला नाही. इथेही एक काटेवाला आहे, पण तुझ्या हातचं काम दुसऱ्याला उघडून दाखवायचं माझ्या जिवावर आलं. रोज सकाळी त्यावर उभी राहते आणि मनात ते वीसमागचं जास्तीचं एक वजा करते.

तू ये. ऑक्टोबरच्या आधी ये, तुझा पाना आणि मापं घेऊन ये. माझ्यासमोर बसून तो काटा खरा कर. मग सगळ्यात आधी मी उभी राहीन आणि आकडा तू मोठ्याने वाचायचास, जो असेल तो.

राग आहे. लोभही आहे. दोन्हींतलं काही कमी झालेलं नाही.

तुझी,
काडी