सांध्यातली सुई

प्रिय ताई,

आई गेल्यापासून आपण बोललो नाही, त्याला आता दोन वर्षं होतील. माझं अक्षर पाहूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तरी शेवटपर्यंत वाच.

मागच्या मंगळवारी माझ्या कंबरेत इंजेक्शन दिलं. नेमकं सांगायचं तर पाठीचा कणा खाली जिथे ओटीपोटाच्या हाडाला जोडलेला असतो, त्या डाव्या सांध्यात. मला पालथं झोपवलं होतं, अंगावर एक्स-रेचं यंत्र, आणि डॉक्टरीणबाई पडद्यावर बघत बघत सुई आत सरकवत होत्या. सुई सांध्यातच पोचली ना, हे दिसावं म्हणून आधी एक औषध सोडलं, मग बधिर करणारं आणि सूज उतरवणारं. नऊ वर्षं मी ज्या जागेवर बोट ठेवून ‘इथे दुखतं’ म्हणत होते, तीच जागा. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “जे करताना दुखायचं, ते आता करून बघा.”

मी तीन जिने चढले. कुठे न थांबता, कठडा न धरता. काही म्हणजे काही दुखलं नाही. आनंद व्हायला हवा होता ना? पण वर पोचले आणि मला संतापच आला. सुई तिथे टोचली आणि दुखणं थांबलं, म्हणजे ते तिथेच होतं. मला ते ठाऊकच होतं गं. तुम्हालाच पुरावा हवा होता.

माझ्या धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर हे सुरू झालं, तुझ्या डोळ्यांदेखत. कारखान्यात कॉलर शिवताना मी एका बाजूवर कलून बसायचे, त्यावरून मुकादमीण टोमणे मारायची. ती परकी, तिचं काय मनावर घ्यायचं! पण आई अंथरुणाला खिळली, तिला कुशीवर वळवताना मी एकदा कळवळून ओरडले, तेव्हा तू शेजारणीसमोर म्हणालीस, “काम दिसलं की हिची कंबर धरतेच.” शेजारीण हसली. आईने ऐकलं. त्यानंतर मी नुसतं पाणी द्यायला उठले तरी ती म्हणायची, “राहू दे, तुझी कंबर आहे ना.” शेवटच्या आठवड्यात तिने मला हातही लावू दिला नाही. आईचे ते आठ दिवस तू माझ्यापासून तोडलेस, आणि ते आणून द्यायला कुठलं इंजेक्शन नाही.

माझंही दुखणं कायमचं गेलेलं नाही. काही महिने आराम पडेल, तेवढ्यात व्यायामाने अंग बळकट करायचं, असं बाई म्हणाल्या.

काल तुझ्या लेकीने तुला चोरून मला फोन केला. खुर्चीतून उठताना तू टेबलाचा आधार घेतेस, जिन्यात डावा पाय ओढतेस, विचारलं तर खेकसतेस. आईला वर्षभर तू एकटीने उचललंस, त्याचं हे फळ असेल. आणि कुणाला सांगत का नाहीस, तेही मला कळतं. गुरुवारी सकाळी नऊला त्याच बाईंकडे तुझं नाव घातलंय. मी आठला दाराशी येईन. तुला माफ केलेलं नाही, वाटेत गप्पाही मारणार नाही. पण तुला दुखतंय, यावर माझा विश्वास आहे.

तुझीच,
धाकटी