शर्टावरची चार बोटं

बाई, फायनलला आपल्याविरुद्ध खेळलेली मंद्रूपची ती मुलगी सापडली. आता साठीची आहे, गुडघे गेलेत, पण आट्यापाट्यांचं नाव काढताच दोन्ही हात पसरून माईकसमोर उभी राहिली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराला या खेळावर पॉडकास्ट हवाय आणि तो करून देणं हे सध्या माझं काम आहे. पहिला एपिसोड वैरागच्या फायनलवर, आपल्या शाळेने जिंकलेल्या. कारखानदाराची आई म्हणजे आपली कॅप्टन. कप अजून त्याच्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहे.

मी कोण, हे मंद्रूपच्या बाईंना सांगितलं नव्हतं. मी फक्त प्रश्न विचारत होते.

“शेवटच्या पाटीवर मी हुते. ती पोरगी निसटली, पण मी शिवलं हुतं की तिला. पाठीवर. पंचाला दिसलं न्हाय, आन् तिनं हात वर केला न्हाय.”

“मग?” मी विचारलं. आवाज अगदी कामापुरता.

“मग काय! आई म्हणली, चार भाकरी खाती आन् बोटं मातर एवढुशी, पुरलीच न्हाईत!” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “लई दिस झोप न्हवती मला.”

कारखानदाराने ते ऐकलं. “मॅडम, तेवढं काढा की. आईला ऐकवायचंय मला. ती पोरगी कोण, आता कुणाला माहितीय?”

“मी.”

त्याने हेडफोन काढून ठेवला. “मग तर काढाच.”

बाई, तुमचा नियम होता, हात लागला की शिट्टीची वाट बघायची नाही, आपणच हात वर करून बाहेर यायचं. ‘पंचाला दिसलं नसेल, तुझ्या पाठीला कळलं ना?’ असं तुम्ही विचारायचात. त्या दिवशी मी क्षणभर थांबले. शिट्टी झाली नाही. मी पळाले, आपण जिंकलो. सगळ्या ओरडतायत, तुम्ही पेढे वाटताय. माझ्यापाशी येऊन खांद्याला धरून मला फिरवता. पांढऱ्या शर्टावर काळ्या मातीची चार बोटं. ‘नळावर धुऊन टाक,’ एवढंच म्हणता आणि माझ्याही हातावर पेढा ठेवता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी त्या एका वाक्याला तुमचं रागावणं समजून धरून बसले होते. त्या भीतीने पुढे मी कुठेच खोटं बोलले नाही, असं लोकांना सांगतही आले. परवा ही आठवण रेकॉर्ड केली, हेडफोन लावून ऐकली, आणि लक्षात आलं की तेव्हा पंच टेबलापाशीच बसले होते. कप अजून दिलेला नव्हता. बाई, हात तुम्हीही वर केला नाहीत.

आज एपिसोड पूर्ण केला. मंद्रूपच्या बाईंचा एक शब्दही काढला नाही. त्यांच्या बोलण्यानंतर माझा आवाज जोडला: ती मुलगी मी, आणि हात लागला होता. आधी त्यांना फोन केला. हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “व्हय? म्हंजे बोटं पुरली हुती की माजी!” कारखानदाराला फाईल पाठवली आहे. आहे तसा ठेवेल, नाहीतर कापायला दुसरं कोणी बघेल.

नळाचा आणि पेढ्याचा भाग मात्र मी कापला, बाई. तो काढा म्हणून मला कोणीही सांगितलं नव्हतं.