कमरेची बाटली

३ तारीख
पलंग दारात अडकला. मी मागून ढकलत होते, वॉर्डबॉय मामा पुढून ओढत होते आणि आई आडवी पडून दोघांना वाट दाखवत होती. अगं उजवीकडे, उजवीकडे, नर्स झालीस तरी उजवं-डावं कळेना! मामा हसले आणि पलंग सुटला.

नोकरीचा पहिला दिवस. खुब्याचं हाड बसवलेली आई माझ्याच वॉर्डात. माहेर सोबतच आणलंस की, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. आईला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक बस चालवणाऱ्या बाई आहेत. पाय चिरडला होता, जखम चिघळली, म्हणून कधीपासून अँटिबायोटिक चालू आहे. सगळे त्यांना ड्रायव्हरबाई म्हणतात. आवाज हॉर्नसारखा.

मोठ्या सिस्टरनी माझ्या कमरेला हात निर्जंतुक करायच्या जेलची बाटली अडकवली. इथे प्रत्येकीच्या कमरेला ती असते. पेशंटला हात लावण्याआधी दोन थेंब, नंतर दोन थेंब. बेसिन पार कॉरिडॉरच्या टोकाला आहे. तिथवर जाणं म्हणजे कामातून पळ काढणं. हात थंड होतात. वास छान आहे.

५ तारीख
आईला खोकला. डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी आहे, आपोआप जाईल. मी म्हटलं, घरचं माणूस आहे, काहीतरी जोरदार द्या. पुन्हा म्हटलं. त्यांनी उसासा टाकून अँटिबायोटिक लिहून दिलं. आईनं लगेच शेजारी ऐकवलं, लेक कामाची निघाली हो.

ड्रायव्हरबाईंचं पोट बिघडलंय. सिस्टर, गाडीचे ब्रेक गेले, म्हणाल्या आणि स्वतःच खदाखदा हसल्या. मी त्यांना पुसलं, चादर बदलली. दोन थेंब. मग आईला भरवलं.

९ तारीख
ड्रायव्हरबाई हसत नाहीत. चादरी पुरत नाहीत. वास नेहमीचा नाही. गोडसर, कुजका, बंद तबेल्यासारखा. माझ्या केसांत बसलाय. त्यांचं पोट फुगून टणक झालंय.

दुपारी चादर ओढताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि चावल्या. दात आत गेले. सोडेनात. मोठ्या सिस्टरनी नाक दाबून धरलं तेव्हा जबडा उघडला. त्यांना मी दिसतच नव्हते. तोंडात माझं रक्त, आणि बाजूला हो, बाजूला हो, मरशील, असं ओरडणं.

चावा खोल आहे. मलाही अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू झाल्या. पट्टी बांधली, दोन थेंब घेतले, आईचं अंग पुसलं.

१२ तारीख
ड्रायव्हरबाई गेल्या. ऑपरेशनला पोट उघडलं तर आतडं ओल्या कागदासारखं हातात फाटलं, असं मामा सांगत होते. मी त्यांच्यावर ओरडले.

संध्याकाळी आईची चादर उचलली. तोच वास.

१३ तारीख
प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई आल्या. हात कशानं स्वच्छ करता, त्यांनी विचारलं. आमचे सगळ्यांचे हात एकदम कमरेकडे गेले. त्या म्हणाल्या, ड्रायव्हरबाईंच्या शौचात सापडलेल्या जंतूची बीजं जेलनं मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी. पलंगांना ब्लीच. इतके दिवस तुम्ही त्याला पलंगापलंगावर पोचवलंत.

आईला अँटिबायोटिक कशासाठी दिलं, असंही विचारलं. पोटात राखणदार जंतू असतात, ते त्यानं मारले. हा मोकळ्या घरात शिरला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

ते औषध बंद. या जंतूवरचं सुरू. आईनं विचारलं, खोकला तर गेला ना गं?

१५ तारीख
आई तापात बरळते. सलाईनची सुई उपटली. रक्ताची चिळकांडी भिंतीवर. हात बांधावे लागले. मीच बांधले. तिनं लाथ झाडली आणि खुब्यात कट्कन आवाज झाला. किंचाळली. माझ्या तोंडावर थुंकली. कोण तू? माझी मुलगी इथे नर्स आहे, तिला बोलवा, ती जोरदार औषध आणते.

हात धुते. ब्रशनं. कातडी निघाली, तरी वास—

१६ तारीख
पोट दगड. ताप उतरत नाही. सर्जन म्हणाले, आतडं काढावं लागेल, आजच, पण रक्तदाब इतका खाली की—

एकीच्या कमरेला अजून ती बाटली. ओढली. टाचेखाली चिरडली. मग बेसिनजवळच्या कपाटातल्या, सगळ्या. मोठ्या सिस्टरनी मागून धरलं. मी ढकललं. त्यांचं डोकं बेसिनच्या कडेवर— रक्त पांढऱ्यावरून—

त्या खाली बसल्या. म्हणाल्या, आधी हात धू आणि आईजवळ जा.

१७, सकाळ
आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. आतडं काळं पडलं होतं.

मामांनी खिडकीजवळचा पलंग ब्लीचनं पुसला. त्याच्यावरून नवी बाई आत आणत होते. पलंग दारात अडकला. मी बाकावरून उठले, साबणानं हात धुतले, ओढू लागले. उजवीकडे, मी म्हटलं.

पोटात कळ आली. चावल्याच्या गोळ्या अजून चालूच आहेत. पायावरून कोमट काहीतरी, आणि तोच—