सवालापुढे आवाज नाही

बाबा, आज दुपारी त्यांचं उत्तर आलं. आवाज परत मिळणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. हा निर्णय आता बदलणार नाही, तेव्हा पुन्हा लिहू नये, अशी विनंतीही आहे, आणि विनंती मोठी अदबशीर आहे. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर बसून मी ते वाचलं, डबा झाकला आणि हात धुऊन आलो. तुमच्या मयतीत रडलो नसेन इतकं रडू येत होतं, पण तिथं रडायची सोय नाही, सगळ्या भिंती काचेच्या आहेत. तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही. तुमचा आवाज बंद झाला आहे हेही माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

नव्याण्णव साली मी गोंदियाला पॉलिटेक्निकला होतो तेव्हा तुम्ही एक जुना टेपरेकॉर्डर घेऊन आलात. 'तुह्या अभ्यासासाठी आनला' म्हणालात. अभ्यासाच्या कॅसेटी कुठं मिळतात हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. शनिवारी मी अर्जुनीच्या गाडीनं घरी यायचो तेव्हा त्यात सिनेमाची गाणी लागलेली असायची. घरात प्लगाची जागा एकच, स्वयंपाकघरात, म्हणून तो डब्यांच्या फळीवर ठेवलेला. आई लाखोरीची डाळ शिजवते आहे, तुम्ही चुलीकडं पाठ करून बसला आहात, एकच ओळ मागं नेऊन पुन्हा पुन्हा ऐकता आहात, आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला आहे. आई म्हणते, 'त्या बाईचा गळा बसून जाईल आता, सोडा तिले.' तुम्ही हसत नाही. तुम्हाला त्या गाण्याशी देणंघेणं नसायचं, फक्त चाल हवी असायची. एप्रिलची जयंती जवळ आलेली असायची आणि जयंतीला विहारासमोर सामना असायचा.

माझ्या पुण्यातल्या मित्रांना सामना काय ते सांगताना माझी फार धांदल होते. एक मंच, दोन पार्ट्या, समोरासमोर. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं शब्द जुळवून गाण्यातूनच जबाब द्यायचा. चाल सगळ्यांच्या तोंडी असलेली, बहुतेक सिनेमाची. आणि ती कुठली हे गाण्याआधी माईकवर मोठ्यानं सांगायचं, त्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही, हा मंचाचा रिवाज. तुम्ही तर सिनेमाचं नाव, गाणाऱ्या बाईचं नाव, सगळं सांगायचात, एखाद्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं. गोंदियाच्या होस्टेलवरचा एक मुलगा एकदा जयंती बघायला आपल्या गावी आला होता. तो मला म्हणाला, 'तेरे बाप के पास खुद की धुन नहीं है क्या?' मला ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी जेवताना मी ते तुमच्या ताटावर टाकलं, आणि माझ्या मनाचा एक शब्द जोडला, चोरी. तुम्ही घास खाली ठेवलात. 'चाल साऱ्याइले मालूम हाये, म्हनून तं लोक शब्द आयकतेत,' तुम्ही म्हणालात. 'नवी चाल देल्ली तं मानूस चालच आयकत बसंल. मंग माही गोष्ट कोन आयकंल? आनि नाव सांगून घेतलं त्याले चोरी म्हनतेत का? हेच शिकून राहिला का तू तेथं?' मग आईला म्हणालात, 'याले भात वाढ, याचं डोकं रिकामं हाये.' मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही.

शब्द तुम्ही राईस मिलमध्ये काम करता करता जुळवायचात. मी एकदा तुमचा डबा घेऊन आलो होतो, तेव्हा पाहिलं. यंत्र धडधडतं आहे, कोंड्यानं तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत, आणि तुम्ही धान ओतायच्या हॉपरपाशी उभे राहून गळा काढून गाता आहात. हातभर अंतरावरच्या माणसालाही ऐकू जात नव्हतं. मला दिसत होतं ते फक्त तुमचं तोंड उघडताना आणि मिटताना. मी विचारलं तेव्हा म्हणालात की इथं चुकलेलं कोणाला कळत नाही, म्हणून इथं बरं. सामन्यात काय सवाल येणार हे ठाऊक नसतं, तेव्हा तयारी कसली करायची, तर जीभ सैल ठेवायची, एवढंच. लिहून तुम्ही काहीच ठेवलं नाही. मंचावरचं मंचावर सोडून यायचं, ही तुमची रीत होती आणि ती मला तेव्हा शानदार वाटायची.

मग मला पुण्यात नोकरी लागली. त्या वर्षीच्या जयंतीला मी आलो नाही. नवी नोकरी, सुट्टी मागायची भीती वाटली. तुमच्यासमोर भंडाऱ्याकडच्या त्या बाई होत्या, ज्यांच्याशी तुमचा सामना लोक लांबून ऐकायला यायचे. दुसऱ्या दिवशी मी एसटीडीवरून शेजाऱ्यांकडं फोन लावला तर आईचा आवाज वेगळाच. 'तिनं तुह्यावर सवाल टाकला बापू. आनि बाबानं असा जबाब देल्ला का सारे उठून उभे रायले. मी तं रडून राहिली होती.' मी विचारलं, काय म्हणाले बाबा? 'मले का तसं म्हनता येते? लग्नाचा व्हिडिओवाला बलावला होता मंडळानं. शीडी भेटंल, तू आपल्या डोळ्यानं पाय.'

सीडी माझ्या हातात पडली तेव्हा तुम्ही गेला होता. तुम्ही असे अचानक जाल असं कोणाच्या मनात नव्हतं. तेराव्या-बिराव्याची आपल्यात रीत नाही, विहारात वंदना झाली, आणि मी पुण्याला परत येताना ती सीडी बॅगेत टाकली. पुण्यात एका रविवारी लावली. तुम्ही निळा फेटा बांधून उभे होता. एकेक गाणं होत गेलं आणि मग बाईंनी तो सवाल टाकला. तो मला अजून पाठ आहे:

लेक शिकविला, यंत्रावरती बसविला शहरात,
सांग गवया, तुझी ही पेटी देशील कोणाच्या हातात?

लोक हसले. तुम्ही मान खाली घातलीत, पेटीवाल्याकडं बघितलंत, माईक जवळ ओढलात आणि चाल सांगितलीत. तिथं मी बंद केलं. बाबा, मला पुढचं ऐकवेना. तुम्ही माझी बाजू घेतली असती तरी ऐकवलं नसतं आणि मला चार शब्द सुनावले असते तरीही नाही. तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. पुढं कधीतरी ऐकू, असं मी ठरवलं. मग सीडीवर बुरशी धरायला लागली, तेव्हा हुशारी करून सगळी फीत नेटवर चढवली. त्या काळी आम्ही सगळे एकमेकांना हेच सांगायचो, नेटवर टाक, तिथून काही हरवत नाही. सीडीचा चंदेरी मुलामा एका पावसाळ्यात सोलून निघाला आणि मी ती निश्चिंतपणे फेकून दिली. नंतर वर्षातून एकदा-दोनदा मी ते पान उघडायचो, तुमचा फेटा बघायचो, सवालापर्यंत यायचो आणि बंद करायचो. नेटवरच तर आहे, कुठं जाणार, असं म्हणायचो. तुमचा जबाब ही माझ्यासाठी शिल्लक ठेवलेली गोष्ट होती. ती ऐकली की तुमच्याकडून नवं ऐकायचं काहीच उरणार नव्हतं.

मी काय काम करतो ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, तुम्ही असताना ते काम नव्हतंही. आम्ही यंत्राला गाणं ओळखायला शिकवतो. कुणी कुणाचं गाणं न विचारता वापरलं तर पकडता यावं म्हणून. यात शब्दांचा फार त्रास होतो. एकाच चालीवर कुणी काही म्हणतं, कुणी काही, यंत्र गोंधळतं. म्हणून आम्ही आधी शब्द गाळून टाकतो, उरते ती चाल, आणि ती ताडून बघतो. गाळलेल्या भागाला आमच्याकडं सरळ कचरा म्हणतात. तुमचा आवाज ज्या यंत्रानं बंद केला ते आमचं नाही, दुसऱ्या कोणाचं तरी आहे. पण आमचं असतं तर त्यानं हेच केलं असतं, आणि अधिक लवकर. त्या लवकरपणाबद्दल मला गेल्या वर्षी शाबासकी मिळाली आहे. मध्यंतरी आमच्या ऑफिसात नवं कसं सुचावं यावर शिबिर झालं. रंगीत चिठ्ठ्या भिंतीला लावून घेतल्या आणि सांगितलं की कोणाकडंच नाही असं काही लिहा. मी कोरी चिठ्ठी लावून आलो. तुमच्याजवळ जे होतं ते सगळ्यांजवळ होतं, आणि त्यातून तुम्ही जे काढायचात ते कोणालाच जमायचं नाही, हे त्या चिठ्ठीवर मावणारं नव्हतं.

या उन्हाळ्यात पान उघडलं तर पेटी सुरू झाली की आवाज गायब. खाली एक ओळ, की यात दुसऱ्याचं संगीत असल्यानं ध्वनी बंद केला आहे. बाईंचे सवाल गेले, तुमचे जबाब गेले. बोलणं तेवढं ठेवलं आहे, कारण बोलण्याला चाल नसते. म्हणजे तुम्ही प्रत्येक वेळी माईक ओढता, स्वच्छ आवाजात सिनेमाचं नाव सांगता, सिनेमात गाणाऱ्या बाईंचं नाव घेता, आणि मग हात वर करून मुके होता. तुमचा एवढाच आवाज आता या जगात आहे. सिनेमाचं नाव मी इथं लिहीत नाही, न जाणो हे लिहिलेलंही कोणी बंद करायचं.

मी गावी गेलो. आता सगळ्यांच्या हातात चांगले फोन आहेत, आईच्याही. जयंतीला पेनड्राइव्ह लावून डीजे वाजतो, छातीत धडकी भरेल असा. आईला ते पान दाखवून विचारलं की बाबांनी काय जबाब दिला होता, आठवून सांग. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'आवाज वाढव ना बापू, बारीक येऊन राहिला.' मी म्हणालो, आवाज पूर्ण आहे. 'मंग मलेच आयकू येऊन नाही राहिलं का?' असं म्हणून तिनं फोन कानाला लावला. मी तिला खरं काय ते सांगितलं, पण तिला ते पटलं नाही, गाणाऱ्याचा आवाज कोणी कायले बंद करंल, असं तिचं म्हणणं. शब्द तिला आठवत नाहीत. आपण रडलो होतो एवढंच तिला आठवतं. भंडाऱ्याच्या बाईंचा नंबर मिळवून त्यांनाही फोन केला. त्या थकल्या आहेत, गळा गेला आहे. 'आता कोन बलावते आमाले?' म्हणाल्या. तुमचं नाव काढल्यावर खूप बोलल्या, तुम्ही त्या रात्री जिंकलात हेही मोठ्या मनानं म्हणाल्या. पण जबाब? 'सामन्यातलं ध्यानात नाही ठेवत बापू. ठेवलं तं दुसऱ्या दिवशीचं सुचत नाही.' तुमचीच रीत त्यांची. मी फोन ठेवला आणि मला त्या रीतीचा पहिल्यांदा राग आला.

फीत ज्या साइटवर होती तिच्या तक्रारीच्या पानावर एक लहानसा चौकोन होता, ही निर्मिती तुमची कशी ते सांगा. मी लिहिलं, चाल आमची नाही, आम्ही ती कधी आमची म्हटली नाही, माणूस गाण्याआधी स्वतःच्या तोंडानं सांगतो आहे ते ऐका. पाठवलं तेव्हाच निकाल मला कळला होता. मी या धंद्यातला माणूस आहे. तिथं यंत्राला विचारतात आणि यंत्र चाल सांगतं. तुम्ही स्वतःच नाव सांगता आहात, म्हणजे कबुलीजबाबच झाला. आज उत्तर आलं आणि मी पुन्हा त्या चौकोनात लिहायला बसलो तर तो चौकोन उघडेना, म्हणून हे तुम्हाला लिहितो आहे. पाठवायची जागा नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही ज्याला रिकाम्या डोक्याचा म्हणालात त्याला एवढं कळतं.

संध्याकाळी घरी मुलगी शेजारी येऊन बसली. तिनं तुम्हाला कधी बघितलं नाही, म्हणून फोनवर दाखवलं, सवाल म्हणून दाखवला. तिला मजा वाटली. म्हणाली, मग आजोबांनी काय उत्तर दिलं? आठवत नाही असं मला म्हणवेना, कधी ऐकलंच नाही असं तर त्याहून म्हणवेना. तुमचं तोंड हलत होतं. त्याच चालीवर मी म्हणालो, 'पेटी माझा लेकच घेईल, लेक येईल गावात.' ओळ शेवटी अडखळली, पण तिनं ती खरी मानली. मग म्हणाली, 'पण बाबा, तू तर गेलाच नाहीस. म्हणजे आजोबा हरले ना?'

ती ओळ माझी होती, हे मी तिला सांगितलं नाही.