उजव्या पाकळीचं पाणी

कारापूर, सोमवार, तिन्हीसांज

वीस वर्षं मी, पुजारी, गावकऱ्यांसाठी देवीचा कौल लावतोय. आज पहिल्यांदा स्वतःसाठी लावला. चार महिने रजा घेऊन पायी नर्मदा परिक्रमेला जाऊ का? मूर्तीला पाण्याने चिकटवलेली उजवी पाकळी आधी पडली, तर होकार. मी मेल्याने उजवीला पाणी कमी लावलं, लवकर सुटावी म्हणून. देवीला फसवत होतो काय? लगेच पडली. मन खाऊ लागलं. मी गेलो तर माझ्या जागी पूजा करायला धारगळहून आलेल्या चुलतभावाला म्हटलं, "सुरेश, तू लाव बाबा परत." परत उजवीच!

मग चहात पाव बुडवताना सुरेश हळूच म्हणाला, "दादा, रोज पहाटे चारला उठायच्या भीतीने मी उजवीला पाणी जास्त लावलेलं."

हसताना चहा नाकात गेला. वीस वर्षांत देवीलाही माझा कंटाळा आला असणार!