गुडघ्यासाठी सहा किलो

३ जून
डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, आधी सहा किलो उतरवा, मगच गुडघ्याचं ऑपरेशन. तारीख १२ ऑगस्ट. शिलाई मशीनच्या पायडलवर पाय ठेवला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तेव्हा माघार नाही. मुलीने फोनमध्ये कॅलरी मोजायचं ॲप टाकून दिलं. पोटात कमी, खर्च जास्त, एवढंच तर आहे. जन्मभर लोकांच्या कमरा मोजल्या, आता आपली.

९ जून
उत्तम चाललंय. एक शोध लागला. बायकोच्या ताटातलं खाल्लं तर ॲपमध्ये भरायचं कारण नाही. ताट तिचं, कॅलरी तिच्या. तिला समजावून सांगितलं. म्हणाली, मग तुम्हाला वेगळं वाढू तरी कशाला. टोमणा होता की सूचना, कळलं नाही.

२१ जून, दुपार
ॲपमध्ये शिवणकाम नाही, सायकलिंग आहे. पायडल ते पायडल. चार तास टाकले. ॲप म्हणतं, अजून खायला वाव आहे. केक, दोन तुकडे. मशीनला मोटर आहे, असं मुलीचं म्हणणं. असेना. पाय माझाच ना?

५ जुलै
पँट घट्ट. धुण्यात कापड आटलंय, या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. शिवण उसवून दोन बोटं वाढवली. आता सैल होतेय. प्रगती.

२२ जुलै
वजनकाटा बिघडला. मुलगी उभी राहिली तर बरोबर दाखवतो. म्हणजे बिघाड फक्त माझ्यापुरता. दवाखान्यातल्या काट्यावरच काय ते बघू.

२ ऑगस्ट
बायको हल्ली ताट घेऊन खिडकीपाशी बसते. वारा येतो म्हणे. मीही खुर्ची तिकडे नेली.

१२ ऑगस्ट
दोन किलो वाढले. ऑपरेशन तीन महिने पुढे. मी ॲप दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ते शांतपणे वाचलं आणि बायकोला विचारलं, तुम्ही एवढ्या का उतरलात, काही त्रास होतो का. ती म्हणाली, होतो, जेवायला शेजारी बसतो.

जिना चढताना तिचा हात धरावा लागला. मनगट हाताला बारीक लागलं.

संध्याकाळी तिचे सैल झालेले ड्रेस शिवून घट्ट करायला बसलो. आज तिला आधी स्वतःचं ताट वाढून घ्यायला लावलं आणि मशीनपाशीच थांबलो. शेवटी तिच्या ताटात एक बटाटा दिसला. टाकणार आहेस का, म्हणून विचारलं.

नाही, खाणार आहे, म्हणाली.