भुंगेऱ्याच्या जागी भुंगेरा

चि. चिमणी,
तुला आणि घरातल्या सगळ्यांना दादाचे आशीर्वाद.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. भावजींचा रक्तदाब उतरला का?

“लेकीच्या लग्नात आपल्या बाबांच्या जागी तू उभा राहा,” असं तू लिहिलंस. बाबांनी नुसतं पाहिलं तरी घर शांत व्हायचं. माझं इथलं मांजरही ऐकत नाही.

आमच्या संग्रहालयात, ज्या एका कीटकावरून साऱ्या जातीचं वर्णन झालं, तो मूळ नमुना लाल चिठ्ठी लावून जपतात. परवा तसा एक भुंगेरा किडीने खाल्लेला निघाला; नुसती टाचणी उरली. त्याच्या जागी मी चांगला तुकतुकीत भुंगेरा निवडला. आमच्या साहेबीणबाई म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, रूप नका बघू. पहिला ज्या डोंगरावरचा, तिथलाच हवा.” तिथला मिळाला तो तीनच पायांचा. लाल चिठ्ठी त्यालाच लागली.

या न्यायाने मीही चालेन. येतो. बाबांचा कोट पोटावर सैल करून ठेव. आणि लेक निघताना मी रडलो, तर हसू नकोस.

तुझा, यथामति यथाशक्ति,
दादा